गाडीचं सर्व्हिसिंग, खर्च आणि रिकॉल: बडोदेकर सतत विचारतात ते प्रश्न

सोळा वर्षं मी बडोद्यातल्या एका वर्कशॉपच्या बिलिंग काउंटरवर होते. गाडीखाली कधी शिरले नाही, पण कुठल्या गाडीला काय लागलं, त्याचे किती घेतले आणि महिन्याभरात कोण तीच तक्रार घेऊन परत आलं, हे सगळं माझ्या हातून गेलं. नोकरी सोडली तरी लोक विचारतातच. दांडिया बाजारातले शेजारी विचारतात, हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, मुलाचे मित्र बिलाचा फोटो पाठवून ‘काकू, हे बरोबर आहे का?’ म्हणतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. रकमा ढोबळ आहेत आणि छोट्या पेट्रोल गाडीच्या धरल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते. पॉलिशला लोक पटकन हो म्हणायचे आणि ब्रेक ऑइलचं नाव काढलं की ‘पुढच्या वेळी बघू’. हे मी इतक्यांदा पाहिलंय की प्रश्न ७ वाचल्याशिवाय कोणी पान बंद करू नये अशी माझी मनापासून विनंती आहे.

१. सर्व्हिसिंग नक्की किती किलोमीटरला करायचं? कोणी पाच हजार सांगतं, कोणी दहा, कोणी पंधरा.

तिघंही खरं सांगत असतील, गाड्या वेगळ्या असतील. तुमच्या गाडीचं उत्तर ग्लोव्ह बॉक्समधल्या ओनर्स मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे. ते बाहेर काढा आणि मेन्टेनन्सचा तक्ता शोधा. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किमी किंवा १ वर्ष, यातलं जे आधी होईल ते लागू असतं. नव्या गाडीच्या मोफत सर्व्हिस त्याआधी येतात. मारुतीत त्या १,००० किमी किंवा १ महिना, ५,००० किमी किंवा ६ महिने आणि १०,००० किमी किंवा १ वर्ष अशा असतात.

त्याच तक्त्याजवळ कठीण वापरासाठी वेगळ्या सूचना दिलेल्या असतात: धूळ, सततची गर्दी, छोटे फेरे, खूप ऊन. रोज न्यायमंदिर ते मांडवी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणारी गाडी त्याच वर्गात येते. अशा गाडीचं ऑइल आणि एअर फिल्टर नेहमीच्या मुदतीआधी बदलावं लागतं.

२. आमची गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार चालते. तरी दर वर्षी सर्व्हिसिंग?

हो. ‘जे आधी होईल ते’ हे शब्द तुमच्यासाठीच आहेत. रावपुऱ्यातून खंडेराव मार्केट, भाजी घेतली, परत घरी. एवढ्याशा फेरीत इंजिन पुरतं तापतच नाही. मग पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं. लांब पल्ल्याला जाणाऱ्या गाडीत ते उडून जातं. म्हणून कमी चाललेल्या गाडीचं ऑइल चांगलं राहतं हा समज सोडून द्या. महिन्यातून एकदा हालोल रोडला अर्धा-पाऊण तास नेऊन आणा, गाडीला बरं असतं.

३. दर वेळी काय बदलतात आणि बाकीचं केव्हा?

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर दर सर्व्हिसला. एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर दर वेळी उघडून पाहायचे, आणि आपल्याकडच्या धुळीत ते तक्त्याच्या आधीच खराब होतात. साधे स्पार्क प्लग साधारण ४०,००० किमीला, इरिडियमचे १ लाखाच्या आसपास. बॅटरी तीन-चार वर्षं. कूलंटचं अंतर गाडीगणिक खूप वेगळं असतं, ते मॅन्युअलमध्येच बघा, आणि कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी कधीही ओतू नका.

टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) असलेल्या गाड्यांनी मात्र तारीख चुकवू नये. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन, एवढं आजच विचारून ठेवा.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल नाही, पण ब्रेक ऑइल, टायर, केबिन फिल्टर, कूलंट आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी तिलाही असते.

४. खर्च किती धरावा?

कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये छोट्या पेट्रोल गाडीचं साधं सर्व्हिसिंग साधारण ४,००० ते ७,००० रुपयांत बसतं. ओळखीच्या बाहेरच्या गॅरेजमध्ये फक्त ऑइल आणि फिल्टरचं काम २,५०० ते ३,५०० मध्ये होतं. अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे ८०० ते १,२०० वेगळे. चाळीस हजारच्या आसपासचं बिल दुपटीने येऊ शकतं, कारण प्लग, ब्रेक ऑइल वगैरे एकदम येतात. ते पाहून घाबरू नका, फक्त प्रत्येक ओळ तक्त्याशी ताडून पाहा.

जुन्या बिलाशी तुलना करणार असाल तर एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता.

५. बिलात इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन असं काय काय असतं. हे सगळं लागतं का?

दर वर्षी तर नाहीच. माझ्यासमोरून गेलेलं एक बिल अजून आठवतं. गाडी दोन वर्षांची, चाललेली अठरा हजार. मूळ सर्व्हिसचे साडेचार हजार आणि वरच्या पाच ओळींचे सहा हजार आठशे. त्या पाच ओळींतली एकही मॅन्युअलच्या तक्त्यात नव्हती. गाडीचे मालक निवृत्त शिक्षक, त्यांनी काही न विचारता कार्ड पुढे केलं. मी बिल छापलं, आणि ती गोष्ट मला अजून बोचते. आता कोणी विचारलं की मी स्पष्ट सांगते.

वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला फ्लश लागत नाही. थ्रॉटल बॉडीची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाची) सफाई गाडी उभी असताना चालू इंजिन थरथरत असेल, बंद पडत असेल तर करावी. एसीला वास येत असेल तर आधी केबिन फिल्टर काढून बघा. टेफ्लॉन, सिरॅमिक ही हौस आहे, ती करायला हरकत नाही, पण देखभाल म्हणून नाही. टायरमध्ये नायट्रोजनही आवश्यक नाही, साधी हवा योग्य दाबाची असली की झालं.

६. वर्कशॉपमध्ये काम लिहून घेणाऱ्या ॲडव्हायझरसमोर काय बोलावं तेच सुचत नाही. फसवणूक कशी टाळायची?

जॉबकार्डवर (गाडीचं काम लिहिलेला कागद) सही करण्याआधी ते शांतपणे वाचा. किलोमीटर, पेट्रोलची पातळी, तुमच्या तक्रारी तुमच्याच शब्दांत लिहिल्या आहेत का ते बघा. ‘आवाज येतो’ एवढं लिहू देऊ नका. ‘डावं वळण घेताना पुढून टकटक’ असं लिहायला लावा. एस्टिमेट लेखी घ्या आणि ‘यापेक्षा जास्त काम निघालं तर आधी फोन करा’ हे वाक्य कार्डावरच लिहून घ्या. बदललेले जुने भाग परत मागा. नको असले तरी मागा. जुना फिल्टर हातात घेऊन पाहिला की पुढच्या वेळी कोणी तुम्हाला घाबरवू शकत नाही. वाद मिटलाच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

७. ब्रेक नीट लागतात. मग ब्रेक ऑइल कशाला बदलायचं?

कारण ते हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि शहरातल्या वेगात हे कळतच नाही. डॉट ४ प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकातली किमान मर्यादा १५५ अंशांवर येते.

आता बडोद्याहून नाशिकला जाताना सापुताऱ्याचा घाट आठवा. उतारावर सतत पाय ब्रेकवर, डिस्क तापलेल्या, ती उष्णता कॅलिपरमधून (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) ऑइलपर्यंत पोचते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणजे तुम्ही पेडल दाबता, ते मऊ लागून खाली जातं आणि गाडी थांबत नाही. थोड्या वेळाने ऑइल थंड झालं की ब्रेक पुन्हा ठीक लागतात. त्यामुळे नंतर गॅरेजवाल्याला काहीच सापडत नाही.

म्हणून दर २ वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, किंवा मॅन्युअलमध्ये त्याआधीचं किलोमीटर दिलं असेल तर तेव्हा. खर्च साधारण ८०० ते १,५०० रुपये. मेकॅनिक झाकण उघडून ‘चाली जशे, बेन’ (चालून जाईल, ताई) म्हणेल. नुसत्या नजरेने पाणी दिसत नाही. आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढला असतात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

८. टायर दिसायला चांगले आहेत. केव्हा बदलावेत?

दोन गोष्टी बघा. खाचेची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. पावसाळ्याआधी मी तरी त्या पातळीची वाट बघणार नाही. दुसरी गोष्ट वय. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी उन्हाने तडकतात. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या की बदला.

हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. स्पेअर टायरची हवाही तेव्हाच.

९. बाहेरच्या गॅरेजमध्ये केलं तर वॉरंटी जाते का?

नुसत्या त्या कारणाने जाऊ नये. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड लावला. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नये, असंही त्यात बजावलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. व्यवहारात मात्र इंजिनाचा मोठा क्लेम आला की वर्कशॉप आधी ऑइल बदलल्याचा पुरावा मागतं, आणि तारीख, किलोमीटर, ऑइलची प्रत लिहिलेलं पक्कं बिल नसेल तर तुमची बाजू लंगडी पडते. वॉरंटी असेपर्यंत मी अधिकृत ठिकाणीच जाते. त्यानंतर भरवशाचं गॅरेज असेल तर खुशाल बाहेर करा, पण मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रतीचंच ऑइल घाला. ०डब्ल्यू-२० (ही पातळ ऑइलची प्रत) लिहिलं असेल तर ‘जाड ऑइल बरं असतं’ हा सल्ला ऐकू नका.

१०. सीएनजी गाडीला वेगळं काय?

सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर ३ वर्षांनी बंधनकारक आहे. गाडी कंपनीतूनच सीएनजीची आली असली तरीही. मुदतीची पट्टी गाडीवर लावलेली असते. मुदत संपली की पंपावर गॅस नाकारू शकतात, आणि ते बरोबरच करतात. इतक्या दाबाखालचं भांडं तुमच्या मुलांच्या पाठीमागे डिकीत असतं. टेस्ट मान्यताप्राप्त केंद्रातच करा आणि प्रमाणपत्र गाडीत ठेवा. बाकी, सीएनजीवर प्लग आणि एअर फिल्टरकडे जास्त लक्ष लागतं. गाडी अधूनमधून पेट्रोलवरही चालवा, नाहीतर टाकीतलं पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं.

११. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे जुन्या गाडीचं काय होईल?

एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ई२० सहन करतील अशा साहित्याच्या बनवल्या जातात. त्याआधीच्या गाड्यांत मायलेज थोडं कमी होतं, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. रबरी नळ्या आणि गॅस्केट लवकर बदलावी लागू शकतात. सर्व्हिसिंगला फ्युएल लाइन तपासायला जॉबकार्डवर लिहून घ्या (कसं ते प्रश्न ६ मध्ये आहे). गाडीत पेट्रोलचा वास आला तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

१२. बीएस-६ डिझेलमध्ये फिल्टरचा पिवळा दिवा लागतो. गाडी तर शहरातच असते.

शहरातच असते म्हणूनच लागतो. डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारा हाच तो फिल्टर) जमलेली काजळी जाळायला धूर बराच वेळ गरम राहावा लागतो. दिवा नुसता लागलेला असेल तर अहमदाबाद एक्स्प्रेसवेला वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने चालवा, बहुतेक वेळा तो जातो. लुकलुकत असेल किंवा इंजिनची ताकद कमी झाली असेल तर थेट वर्कशॉप. वर्षभर फक्त शहरात फिरणार असाल तर डिझेल घेऊच नका, असं मी नव्या गाडीच्या वेळी सगळ्यांना सांगते.

१३. मुलगा परदेशात, त्याची गाडी आमच्याकडे उभी. काय करावं?

आठवड्यातून एकदा खरोखर चालवा. जागेवर पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवून फायदा नाही, त्याने उलट प्रश्न २ मधली अडचण वाढते. महिनाभर चालवणार नसाल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. हँडब्रेक लावून महिनोन् महिने ठेवू नका, चिकटतो. सपाट जागी चाकांना ठोकळे लावा. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून दर आठवड्याला बॉनेट उघडून उजेड पाडा.

१४. रिकॉल म्हणजे काय? गाडी परत घेतात का?

गाडी तुमचीच राहते. ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांत सुरक्षेला धोका असलेला दोष सापडला की कंपनी त्या गाड्या बोलावून तो भाग फुकट तपासते किंवा बदलते. तुम्हाला एक रुपयाही द्यावा लागत नाही.

भारतात जुलै २०१२ पासून कंपन्यांची स्वेच्छेची पद्धत होती. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने कलम ११०-अ आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनी ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत.

हे कागदावरचं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने सियाझ, अर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ अशा १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिटसाठी बोलावल्या. जानेवारी २०२३ मध्ये १७,३६२ गाड्या एअरबॅग कंट्रोलरसाठी, आणि त्याच वर्षी जुलैत ८७,५९९ एस-प्रेसो आणि ईको स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी. कंपनी रिकॉल करते म्हणून गाडी वाईट असं समजू नका. ज्या गाडीचा दोष माहीत असूनही दुरुस्त करून घेतला नाही, तिची मला जास्त काळजी वाटते.

१५. माझी गाडी रिकॉलमध्ये आहे का हे कसं पाहू?

आरसीवर चॅसिस नंबर असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या पानावर तो टाका. मारुतीत सुरुवातीची तीन अक्षरं सोडून पुढची १४ टाकायची असतात. नंबर टाकायला जमत नसेल तर वर्कशॉपला फोन करून सांगा, ते लगेच बघतात. वर्षातून दोनदा, दसऱ्याला गाडीची पूजा करताना आणि पावसाळ्याआधी, एवढं करा.

१६. गाडी सेकंडहँड घेतली आहे, पासिंगही पुण्याचं. इथे रिकॉलचं काम होईल?

होईल. रिकॉल गाडीला असतो, मालकाला नाही, आणि नोंद चॅसिस नंबरवर असते. देशातल्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये काम होतं. अडचण एवढीच की पत्र आणि मेसेज पहिल्या मालकाकडे जातात. म्हणून जुनी गाडी घेतल्याबरोबर प्रश्न १५ प्रमाणे स्वतः तपासा आणि कंपनीकडे तुमचा मोबाइल नंबर नोंदवा.

दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांनी तर नक्की. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं. मग एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. होंडा, टोयोटासह अनेक कंपन्यांनी यासाठी गाड्या बोलावल्या. आपल्याकडचा मे महिना आणि त्यामागून येणारा पावसाळा आठवा, म्हणजे हे का टाळू नये ते कळेल.

१७. रिकॉल नाही, पण माझ्यासारख्या अनेकांना हाच त्रास आहे. मग?

वर्कशॉपमध्ये जॉबकार्डवर नोंद करून घ्या, प्रत जपा. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर रिकॉलसाठी तक्रार करता येते. एका मॉडेलच्या ठरावीक संख्येने तक्रारी जमल्या की चौकशी होते. म्हणून ‘एकट्याने करून काय होणार’ असं म्हणू नका, तक्रारी मोजल्याच जातात.

१८. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली. पाणी ओसरल्यावर सुरू करून पाहू का?

नाही. चावीसुद्धा फिरवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्रीचं पाणी समा, अकोटा, फत्तेगंज भागांत शिरलं तेव्हा माझ्या नणंदेच्या यजमानांनी ‘फक्त बघतो’ म्हणून स्टार्टर मारला. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या कॉफीसारखं झालेलं. नुसत्या सफाईवर भागलं असतं ते काम इंजिन उघडण्यावर गेलं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ट्रकवर चढवून न्या. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात पुराचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असला तरी आत पाणी शिरलेलं इंजिन सुरू केल्याने झालेलं नुकसान बहुतेक वेळा नाकारतात, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’चं ॲड-ऑन लागतं. नदीजवळ राहणाऱ्यांनी ते दर नूतनीकरणाला तपासून घ्यावं.

१९. पुरातून निघालेली जुनी गाडी कशी ओळखायची?

अशा गाड्या धुऊन, पॉलिश करून, कधी दुसऱ्या गावात नेऊन विकल्या जातात. विमा क्लेमचा आणि सर्व्हिसचा इतिहास मागा. मग प्रत्येक सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाडी कितीही धुतली तरी आत गुंडाळलेला पट्टा सहसा कोणी धुवत नाही. त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट आडवी रेघ दिसली, की पाणी कुठपर्यंत आलं होतं ते तुम्हाला कळलं.